कॅलिपरच्या पिना: बोटभर लांबीच्या, पण अर्धा ब्रेक त्यांच्यावर

पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड काढून हातात घेतले की आधी आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून बघायचे. आतला पार पत्र्यापर्यंत गेलाय आणि बाहेरच्यावर अजून सहा-सात मिलिमीटर मटेरियल शिल्लक आहे, असं दिसलं तर नवे पॅड टाकून काम संपत नाही. तिथे बहुतेक वेळा कॅलिपरच्या, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना अडकलेल्या असतात. त्या तशाच ठेवल्या तर नवे पॅडही तसेच झिजतील, पुन्हा आतला आधी संपेल आणि पुन्हा पूर्ण सेट विकत घ्यावा लागेल. खर्चाचं सोडा, तोपर्यंत ते चाक अर्ध्याच जोरावर थांबत असतं.

दोन चाकांच्या मिळून या पिना फक्त चार. त्या साफ करायला दर चाकामागे अर्धा-पाऊण तास आणि सगळं मिळून पाच ग्रॅमसुद्धा ग्रीस लागत नाही. तरीही गॅरेजमध्ये सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते यांच्याकडेच, आणि लक्ष गेलं तर चुकीचं ग्रीस भरलं जातं.

पिन नेमकं काय करते

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत पुढच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर, सरकता कॅलिपर असतो. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड, पण पिस्टन एकच, तोही आतल्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूला. ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि आतला पॅड डिस्कवर रेटतो. बाहेरच्या पॅडमागे पिस्टन नाही. मग तो दाबतो कोण?

सुताराचा सी-क्लॅम्प आठवा. स्क्रू एकाच बाजूला असतो, तरी पिळत गेलं की समोरचा जबडाही लाकडावर घट्ट बसतो, कारण क्लॅम्प मोकळा असतो आणि स्वतःच मागे ओढला जातो. कॅलिपर तसाच. आतला पॅड डिस्कवर टेकला की ऑइलचा तोच दाब कॅलिपरच्या धडाला उलट दिशेने, गाडीच्या आतल्या बाजूला ढकलतो. धड सरकलं की त्याचा बाहेरचा पंजा बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढून दाबतो. हे सरकणं ज्या दोन दांड्यांवर होतं, त्या या पिना. पिन कॅलिपरच्या कानाला बोल्टने बांधलेली असते आणि चाकाच्या नकलला (ज्या भागावर चाक बसतं त्याला) पक्क्या बसवलेल्या ब्रॅकेटमधल्या भोकात सरकते. भोकाच्या तोंडाशी रबराचं घडीदार बूट असतं, पाणी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून.

पिना अडकल्या म्हणजे क्लॅम्प भिंतीला खिळला. स्क्रू पिळला तर एकच बाजू दाबेल.

कळीची गोष्ट म्हणजे एका ब्रेकमागे हे सरकणं मिलिमीटरचा छोटासा अंश असतं. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंगही नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबर सील ब्रेक दाबताना जराशी मुरडते, पाय काढला की सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे खेचते. कॅलिपर सैल व्हायला एवढाच जोर मिळतो, आणि डिस्कच्या बारीक थरथरीने बाकीचं होतं. म्हणून ‘थोडी जड आहे, पण हलते’ अशी पिन अडकलेलीच समजावी. हातोडीने ठोकून हललेली पिन ब्रेक सोडल्यावर आपणहून मागे येणार नाही.

आता पॅडच्या पूर्ण आयुष्याचा विचार करा. नव्या पॅडवर साधारण नऊ-दहा मिलिमीटर मटेरियल असतं. बाहेरचा पॅड झिजत जातो तसा कॅलिपर हळूहळू आत सरकतो आणि पिना भोकातून तेवढ्याच बाहेर येतात. दोन-तीन वर्षांत भोकाचा तळ रिकामा पडतो, तिथलं ग्रीस सुकतं, ओल शिरली असेल तर गंज धरतो. मग एके दिवशी नवे पॅड बसतात आणि पिना पुन्हा पार तळापर्यंत घुसतात, नेमक्या त्या गंजलेल्या जागेत. पॅड बदलल्यावरच ब्रेक चिकटायला लागल्याची तक्रार बऱ्याचदा यातूनच येते. नवे पॅड खराब निघाले असा समज होतो, पण ते निर्दोष असतात.

लक्षणं कशी वाचायची

पॅड सर्वांत खरं सांगतात. आतला खूप झिजलेला, बाहेरचा जाड: कॅलिपर बाहेरच्या पॅडला ओढत नाही, पिना अडकल्या. बाहेरचा जास्त झिजलेला, आतला जाड: कॅलिपर ओढला जातो पण परत सैल होत नाही, बाहेरचा पॅड सतत घासतो. हाही पिनांचाच दोष. एकाच पॅडचं एक टोक पातळ आणि दुसरं जाड, म्हणजे पाचरीसारखा झिजलेला: दोनपैकी एक पिन अडकलेली किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये रुतलेला. दोन्ही पॅड सारखेच, पण पलीकडच्या चाकापेक्षा फार झिजलेले असतील तर पिना सोडा आणि पिस्टन बघा, त्याचबरोबर ब्रेकची रबरी नळीही. जुनी नळी आतून फुगली की दाब ब्रेकपर्यंत जातो, पण परत येत नाही. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा एखाद-दीड मिलिमीटर जास्त झिजणं मात्र या रचनेत नेहमीचं आहे, त्यावरून घाबरू नये.

चालवताना काय कळतं? डाव्या चाकाच्या पिना अडकून तो ब्रेक कमी लागत असेल तर ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढते. डावा ब्रेक सुटतच नसेल तर ब्रेक न दाबताही ती डावीकडे ओढत राहते, आणि हे अलाइनमेंटचं दुखणं वाटून लोक दोन-दोनदा अलाइनमेंट करून घेतात. वेगळं करायची सोपी रीत: ब्रेक फारसा न वापरता आठ-दहा किलोमीटर चालवून गाडी थांबवा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या. हात लावायचा नाही, जवळ न्यायचा, कारण डिस्क भाजण्याइतकी गरम असू शकते. एक चाक स्पष्टपणे जास्त तापलेलं असेल तर ब्रेक घासतोय. अलाइनमेंट बिघडल्याने चाक असं तापत नाही. याशिवाय एकाच रिमवर जास्त काळी पूड बसणं, मायलेज उतरणं, खड्ड्यातून जाताना पुढून धातूचा खडखडाट येणं. शेवटच्या लक्षणात पिना अडकलेल्या नसून कोरड्या किंवा झिजून सैल झालेल्या असतात.

घाट उतरताना हे सगळं उघड्यावर येतं. आंबोली किंवा ताम्हिणी उतरताना आधीच घासत असलेला ब्रेक सतत तापत जातो. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं.

ग्रीस कोणतं, आणि कोणतं अजिबात नाही

पिनांची बूटं आणि पिनेच्या टोकावरची रबरी बाही बहुधा ईपीडीएम रबराची असतात. हे रबर ब्रेक ऑइल सोसतं, पण खनिज तेल सोसत नाही. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, चाकाच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे या सगळ्यांत खनिज तेल असतं. ते लागलं की रबर फुगतं. फुगलेली बाही भोकात पाचरीसारखी बसते आणि काल मोकळी केलेली पिन महिन्या-दोन महिन्यांत पूर्वीपेक्षा घट्ट होते. पिना पेट्रोलमध्ये धुवायच्या आणि बेअरिंगचं ग्रीस चोपडायचं, ही रीत सर्रास दिसते. ती हौसेने नाही, सवयीने होते, पण नुकसान तेवढंच होतं. पटत नसेल तर पिनेचं एक जुनं बूट रात्रभर पेट्रोलमध्ये ठेवा आणि सकाळी नव्याशेजारी धरा.

लागतं ते सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच बनवलेलं सिंथेटिक ग्रीस, ज्याच्या पुडीवर कॅलिपर पिनसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे. रंगावरून ओळखायला जाऊ नका. ब्रेकच्या रबरांसाठी एक लाल ग्रीस मिळतं, आणि बेअरिंगचं ग्रीसही लाल मिळतं. तांब्याचं ग्रीस पिनेला लावू नये. त्यात धातूचे कण असतात आणि ते बहुधा खनिज तेलात कालवलेलं असतं.

आणि एक अपवाद, जो माहीत नसल्याने चांगल्या मनाने केलेलं काम बिघडतं. काही युरोपीय बनावटीच्या कॅलिपरमध्ये सात मिलिमीटरच्या ॲलन कीने उघडणाऱ्या गुळगुळीत पिना रबरी बुशमधून सरकतात आणि त्या कोरड्याच चालवायच्या असतात. तिथे फक्त पुसायचं, ग्रीस लावायचं नाही. पिना काढल्या आणि आत मुळात ग्रीसचा मागमूसच नसेल, तर सुकलं असेल असं गृहीत धरण्याआधी गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा.

काम कसं करायचं

सपाट, कडक जमीन. पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. चाकाचे नट जमिनीवरच सैल करून मग जॅक लावा आणि गाडी जॅकस्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं तर जादा आधार होतो. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे काय कुठे होतं ते दुसऱ्या बाजूला बघता येतं.

कॅलिपरच्या मागच्या बाजूला वर आणि खाली दोन बोल्ट दिसतील, बहुतेक १२ किंवा १४ नंबरच्या गोटी पान्याचे. बोल्टबरोबर पिनही फिरते, म्हणून पिनेच्या चपट्या कडांवर सपाट पाना धरावा लागतो, बऱ्याच गाड्यांत १७ नंबरचा. दोन्ही बोल्ट काढा. पॅड बदलताना पुष्कळ ठिकाणी खालचाच बोल्ट काढून कॅलिपर वर उचलतात. पॅड निघतात, काम लवकर होतं, पण वरची पिन वर्षानुवर्षं बाहेर येतच नाही. पाचरीसारखा झिजलेला पॅड दिसला तर आधी वरची पिन बघा.

उचललेला कॅलिपर तारेने शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगला बांधा. रबरी नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून चिरते आणि ते बाहेरून दिसतही नाही. तो बांधलेला असताना ब्रेक पेडलला कुणीही पाय लावायचा नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. पॅड काढताना आतला-बाहेरचा अशी खूण करून ठेवा.

आता पिना बोटाने फिरवत ओढा. चांगली पिन गुळगुळीत येते. कुठली वरची, कुठली खालची, हे लगेच टिपून ठेवा. दोन पिना बऱ्याचदा वेगळ्या असतात: एक पूर्ण गोल, दुसरी बाजूंनी चपट्या कडांची किंवा टोकाला रबरी बाही असलेली. बाहीची पिन कंप जिरवते. कुठल्या गाडीत ती वर असते, कुठल्या गाडीत खाली, आणि अदलाबदल झाली तर खडखडाट किंवा अडकणं ठरलेलं.

जुनं ग्रीस ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने पूर्ण पुसा. भोकाच्या तळातलं ग्रीस नुसत्या फडक्याने निघत नाही. बारीक नायलॉनचा ब्रश किंवा काडीला चिंधी गुंडाळून आत फिरवा, स्वच्छ चिंधी स्वच्छच बाहेर येईपर्यंत. मग भोक पूर्ण कोरडं होऊ द्या. पुसलेल्या पिनेवर नख फिरवून बघा. नुसता रंग बदललेला असेल तर ठीक. नखाला खड्डे लागले किंवा वरचा मुलामा उडाला असेल तर पिन बदला. पॉलिश पेपरने घासून ती चकाचक दिसेल, पण गंज अडवणारा मुलामा गेलेला असतो आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा धरते. पिना, बूटं आणि रबरी बाही मिळून किट मिळतं, पॅडच्या सेटपेक्षा बरंच स्वस्त. बूट चिरलेलं असेल तर पिन कितीही चांगली असो, बूट बदलायलाच हवं, कारण पाणी तिथूनच शिरतं.

पिन निघतच नसेल तर ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट, बहुधा १७ नंबरचे, सोडून ब्रॅकेट बाहेर घ्या आणि व्हाइसमध्ये धरा. ओढण्यापेक्षा फिरवणं उपयोगी पडतं: थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, तसूतसूने. गंज सोडवायचा स्प्रे मारावाच लागला तर ती बूटं आणि बाही बाद समजा आणि भोक क्लीनरने धुऊन घ्या. भोकाच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील तर ड्रिल घालून ते मोठं करू नका. पिन सैल होईल आणि कॅलिपर तिरका बसेल. तिथे ब्रॅकेटच बदलायचं.

ब्रॅकेट हाताशी आहे तोवर पॅडचे कान जिथे बसतात त्या स्टीलच्या क्लिपा काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. क्लिपखाली गंज फुगला की ती उचलली जाते, पॅड घट्ट बसतो, आणि दोष मात्र पिनांवर जातो. पॅड क्लिपमध्ये बोटाने सरकला पाहिजे. नवा पॅड कानशीने घासून बसवायची वेळ आली, तर खरा गंज क्लिपखाली राहिलाय.

ग्रीस किती? एका पिनेला अर्धा ते एक ग्रॅम. पिनेवर सगळीकडून पातळ चमकदार थर दिसला की बस. थोडंसं बुटाच्या ओठाला आतून लावा. भोकात ग्रीस ठासून भरणं हे कमी ग्रीसइतकंच वाईट, कारण भोकाचा तळ बंद असतो आणि ग्रीस दाबलं जात नाही. पिन तळाशी गेली की साठलेलं ग्रीस तिला मागे रेटतं, कॅलिपर तिरका राहतो. हवेचंही तसंच. पिन आत ढकलताना बुटाचा ओठ बोटाने जरा उचलून अडकलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग ओठ पिनेच्या खाचेत नीट बसवा. फुग्यासारखं फुगलेलं बूट दिसलं तर हवा आत राहिली आहे.

परीक्षा हाताने. पिन आत ढकलून सोडली की ती जागेवर राहायला हवी, पाव इंच परत उसळायला नको. नुसत्या बोटांनी ती आत-बाहेर आणि गोल फिरली पाहिजे.

नवे पॅड असतील तर पिस्टन मागे न्यावा लागतो. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा आणि पातळीवर नजर ठेवा. मधे कुणी ऑइल भरलेलं असेल तर ते वरून सांडतं आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पुढचा पिस्टन जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबता येतो. मागे डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरवर चालत असेल तर पिस्टन बहुधा फिरवत आत न्यावा लागतो. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो. त्या गाड्यांत जोराने दाबू नका, आतला स्क्रू मोडतो.

बोल्ट हाताने सुरू करा, मग टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) कसा. छोट्या गाड्यांत पिनेचे बोल्ट साधारण २२ ते ३५ न्यूटन-मीटरला असतात, ब्रॅकेटचे ८० ते ११० च्या आसपास. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. पिनेचा बोल्ट बारीक असतो. लांब पान्याने अंदाजाने ओढला तर त्याच्या आट्या जातात किंवा तो तुटतो. ब्रॅकेटच्या बोल्टवर आधीचं सुकलेलं लॉकिंग द्रव दिसलं तर आट्या साफ करून नवं लावा किंवा बोल्टच नवा घ्या.

ग्रीसचा डाग डिस्कला किंवा पॅडच्या तोंडाला लागला नाही हे बघा. डिस्क क्लीनरने पुसा. पॅडमध्ये ग्रीस मुरलं तर तो पॅड बाद. ब्रेकची काळी पूड फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि तोंडाला मास्क लावा.

चाक बसवून गाडी खाली घेण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिले काही दाब पार तळाला जातील, कारण पिस्टन अजून पॅडपर्यंत आलेला नसतो. हे विसरून गाडी सुरू केली तर पहिला ब्रेक लागतच नाही. मग गिअर न्यूट्रलला घेऊन चाक हाताने फिरवा: बारीक घासल्याचा आवाज चालेल, जोर लावावा लागला तर पुन्हा उघडा. चाकाचे नट चौकटीत एकाआड एक कसा आणि रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात तीन-चारदा ब्रेक लावून बघा.

कधी करायचं

पॅड बदलताना दरवेळी, हे तर झालंच. त्याशिवाय घाटावर, कोरड्या भागात दर २०,००० किलोमीटरला एकदा उघडून बघितलं तरी पुरतं. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या चिखलात, वर्षातून एकदा हवंच, मग गाडी कितीही कमी चालो. उलट कमी चालणाऱ्या गाडीच्याच पिना आधी धरतात. त्यासाठी दसऱ्याच्या आधीचा आठवडा उत्तम. पाऊस बहुधा सरत आलेला असतो, गाडी धुवायला काढायचीच असते, आणि आत शिरलेल्या ओलीने अजून खोल गंज धरलेला नसतो.

दुचाकीवाल्यांनीही हे वाचावं. पुढे डिस्क असलेल्या बहुतेक मोटरसायकलींत असाच सरकता कॅलिपर असतो, पिना आणखी बारीक आणि चिखलाच्या थेट माऱ्यात. ग्रीस तेच, तेवढंच पातळ.

स्वतः करायचं नसेल तर गॅरेजमध्ये ‘ब्रेक सर्व्हिसिंग करा’ एवढंच सांगू नका. त्यात पॅड पुसून आणि हवा मारून परत बसवलेलेही धरलं जातं. दोन्ही पिना, वरचीसुद्धा, बाहेर काढा, पेट्रोल न वापरता पुसा आणि कॅलिपर पिनचंच ग्रीस लावा, असं सांगा. ग्रीसची पुडी स्वतः घेऊन गेलात तर उत्तम. बसवायच्या आधी एकदा बोलवायला सांगा आणि पिन आपल्या बोटांनी ढकलून बघा.